प्रवासात दडलेली वस्ती

नागपूरच्या फलाटावर गाडीची सूचना आधी एका भाषेत होते, मग दुसरीत. हिंदीतून ‘यात्रीगण’ अशी हाक येते, मराठीतून ‘प्रवाशांनी’ लक्ष द्यावे असे सांगितले जाते. गाडी तीच, माणसेही तीच. पण एका भाषेच्या लेखी ती यात्री आहेत, दुसरीच्या लेखी प्रवासी. हे दोन शब्द एकाच अर्थाचे, असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. त्यांची घडण पाहिली तेव्हा कळले की एकात चालणे आहे आणि दुसऱ्यात चक्क राहणे.

‘प्रवास’ हा शब्द ‘वस्’ या धातूवर उभा आहे. वस् म्हणजे राहणे. वस्ती, निवास, वसाहत ही याच घरातली मंडळी. उपवासही याच घरातला. देवाच्या सान्निध्यात राहणे हा त्याचा मूळ अर्थ, न जेवणे हे मागून आले. या ‘वास’ला ‘प्र’ लागला की झाले घरापासून दूर राहणे. मराठीत ज्या शब्दाने आपण एसटीत बसतो, त्याच्या पोटात चाक नाही, रस्ता नाही. परगावी टाकलेले बिऱ्हाड आहे.

संस्कृतात हा अर्थ अगदी स्वच्छ दिसतो. नवरा परदेशी राहिलेल्या नायिकेला साहित्यशास्त्राने ‘प्रोषितभर्तृका’ म्हटले. त्यातला ‘प्रोषित’ म्हणजे प्रवासात असलेला, प्र आणि वस् यांचेच रूप. ‘मेघदूता’तला यक्ष वर्षभराच्या शापामुळे रामगिरीवर अडकून पडला आहे. वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे मानले. तो यक्ष जागचा हलत नाही, तरी जुन्या अर्थाने खरा प्रवासी तोच. यक्षाच्या अलकानगरीपर्यंत वाट तुडवणारा मेघ मात्र आपल्या मराठी अर्थाने प्रवासी. एकाच काव्यात या शब्दाचे दोन्ही अर्थ समोरासमोर उभे आहेत.

देशभर फिरताना हे दोन अर्थ पावलोपावली भेटतात. रामानंद चट्टोपाध्यायांनी 1901 मध्ये अलाहाबादेत बंगाली मासिक सुरू केले आणि त्याचे नाव ठेवले ‘प्रवासी’. ते प्रवासवर्णनांचे मासिक नव्हते. बंगालबाहेर राहणाऱ्या बंगाल्याची ओळख त्या नावात होती. केरळात ‘प्रवासी’ म्हटले की आखाती देशांत राबणारा घरचा माणूस डोळ्यांसमोर येतो. तेलुगूतही परदेशी स्थायिक झालेल्याला हाच शब्द लागतो. गांधीजी 9 जानेवारी 1915 रोजी दक्षिण आफ्रिकेतून परतले, त्या तारखेला साजरा होणारा ‘प्रवासी भारतीय दिवस’ याच अर्थाचा. 2020 साली हिंदी वर्तमानपत्रांत रोज ‘प्रवासी मजदूर’ वाचताना माझे मराठी मन क्षणभर अडखळे. आपण त्यांना स्थलांतरित मजूर म्हणतो. पण घरापासून दूर राहण्याची किंमत मोजणाऱ्या त्या माणसांना जुना शब्द किती नेमका लागू पडत होता!

मराठी, गुजराती आणि कन्नड या शेजारणींनी मात्र प्रवासाला चालते केले. दूर राहायचे तर आधी वाट चालावी लागते. त्या वाटेवरच यांनी बोट ठेवले. हंपी पाहायला गेलो तेव्हा होसपेटला एका सरकारी विश्रामगृहाची पाटी सोबतच्या कन्नड मित्राने वाचून दाखवली: ‘प्रवासि मंदिर’. मला आधी देऊळच वाटले. पण संस्कृतात मंदिर म्हणजे मुळात घर. चालणाऱ्यासाठी बांधलेले घर, असे ते नाव. दुसऱ्या दिवशी तुंगभद्रेत ‘हरिगोलु’ नावाच्या गोल टोपलीसारख्या होडीत बसलो, विठ्ठल मंदिरातला दगडी रथ पाहिला. मनात मात्र ती पाटीच घोळत होती.

आता यात्रा. ‘या’ म्हणजे जाणे. या शब्दात राहण्याचा लवलेश नाही. हिंदीने तो साऱ्या फिरण्यासाठी वापरला. मराठीने देवासाठी राखून ठेवला. काशीला यात्रा होते, कामासाठी पुण्याला प्रवास. गंमत पुढे आहे. हाच शब्द लोकांच्या तोंडी घासून ‘जत्रा’ झाला आणि जाणे सोडून एका जागी जमू लागला. आंगणेवाडीची जत्रा म्हणजे माणसांचा पूर, दुकाने, खाजा नि मालवणी बोली. कन्नडातली ‘जात्रे’ही अशीच. बंगाल-ओडिशात तर ‘जात्रा’ म्हणजे उघड्यावर रात्रभर रंगणारे लोकनाट्य. राहण्याचा शब्द चालू लागला, चालण्याचा शब्द मांडी घालून बसला.

या दोघांच्या मधोमध ‘मुक्काम’ आहे. हा मूळचा अरबी. मक़ाम म्हणजे उभे राहण्याची जागा. काश्मीरच्या सूफियाना संगीतात रागासारख्या स्वररचनेला मुक़ाम म्हणतात, कारण सूरही कुठेतरी उभा राहावा लागतो. आपल्याकडे तो वारीत रुजला. माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला विसावते, तेव्हा कुणी ‘विश्राम’ म्हणत नाही, मुक्कामच म्हणतात. आणि पत्रावर? ‘मु. पो.’ लिहून आपण गावाचे नाव घालतो. ज्या घरात पिढ्या नांदल्या त्या घरालाही पत्त्यात मुक्कामच म्हणायचे. प्रवासात वस्ती आणि वस्तीत मुक्काम, असा हा उलटसुलट विणलेला धागा मला फार शहाणा वाटतो.

वाटेवरच्या जेवणातही शब्द भेटतात. केरळात रस्त्याकडेच्या लहान खाणावळींबाहेर ‘ऊण् तय्यार’ अशी पाटी असते. ऊण् म्हणजे जेवण, अस्सल द्राविडी. तय्यार मात्र आपला ‘तयार’. अरबीत त्याचा अर्थ उडणारा. झेप घ्यायला सज्ज झालेल्या शिकारी पक्ष्यावरून तो सज्जतेचा शब्द झाला, असे मानतात. पक्षी उडत उडत अरबस्तानातून केळीच्या पानापर्यंत आला आणि उकड्या तांदळाच्या भाताशेजारी बसला. अनोळखी भाषेच्या मुलखात त्या एका शब्दाने मला हात धरून आत नेले होते.

शेवटचा शब्द ‘पाहुणा’. हा संस्कृत ‘प्राघुण’पासून आला. त्याचेच रूप ‘प्राघूर्ण’. त्यातला ‘घूर्ण्’ म्हणजे फिरणे, भोवंडणे. पाहुणा म्हणजे फिरत फिरत दाराशी आलेला. मिथिलेत ‘पाहुन’ म्हणजे जावई, सगळ्यांत मानाचा. आणि कोल्हापुरात पारावर बसलेला म्हातारा कुठल्याही वाटसरूला विचारतो, “काय पाव्हणं, कुठलं गाव?” ओळख नाही, नाते नाही, आमंत्रण नाही. पण त्या एका हाकेने भटक्याचा सोयरा होतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “जेवलासा का?”

आता फलाटावरची सूचना ऐकताना मला मराठी शब्द अधिक जड, अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. किती ठिकाणे पाहिली हे यात्री मोजू शकेल. प्रवाशाला मात्र शब्दच विचारतो, तिथे राहिलास का? कुणाच्या ताटावर, कुणाच्या ओसरीवर, चार घटका तरी वसलास का? दगडी रथ पाहून मी हंपीहून परतलो, ती झाली यात्रा. पाटीवरचे घर मनात घेऊन आलो, तो प्रवास.