‘स्मरणापलीकडचा काळ’ : एका वाक्प्रचाराचा इतिहास

इंग्रजीतील स्मरण-विस्मरणविषयक वाक्प्रचार बहुधा घरगुती वळणाचे आहेत. विसरलेली गोष्ट मनातून ‘निसटते’, ओळखीचे नाव कानी पडताच घंटा ‘वाजते’. ‘टाइम आउट ऑफ माइंड’ आणि ‘टाइम इम्मेमोरिअल’ या दोन वाक्प्रचारांची प्रकृती मात्र वेगळी आहे. त्यांच्यामागे न्यायव्यवहार उभा आहे. १२७५च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने जमिनीच्या हक्काच्या दाव्यांसाठी पहिल्या रिचर्डचे राज्यारोहण, म्हणजे ११८९ हे वर्ष, ही सीमा ठरविली. पुढे तीच कायद्याच्या स्मरणाची मर्यादा मानली गेली. ज्या रूढीचा आरंभ या सीमेच्या आत दाखविता येत नाही, ती ग्राह्य ठरू शकते. अर्थात येथे हक्काचा आधार स्मरण हा नसून विस्मरण हा आहे. आरंभ कोणास आठवत नाही, हेच रूढीचे बळ होय.

वसाहतकालीन न्यायालयांबरोबर ही कल्पना महाराष्ट्रात आली, तेव्हा तिला येथील शब्दांची सोबत मिळाली. ‘पूर्वापार’ आणि ‘वहिवाट’ हे शब्द व्यवहारात रुळलेलेच होते. तथापि त्यांचा रोख निराळा आहे. ‘वहिवाट’ म्हणताना नजर प्रत्यक्ष वापराकडे जाते. आरंभ ठाऊक असला तरी वहिवाट नाहीशी होत नाही. ‘पूर्वापार’ सातत्य सांगते, विस्मरण नव्हे. इंग्रजी कल्पनेशी जोडले गेल्यावर मात्र या शब्दांना ‘आरंभ विचारू नये’ अशी अर्थच्छटा चिकटली. संस्कृत परंपरेतील ‘स्मृति’ या संज्ञेने तिला आणखी बळ दिले, कारण तेथे जे स्मरले जाते तेच विधान ठरते. विस्मरणावर उभी असलेली रूढी आणि स्मरणावर उभे असलेले शास्त्र, परस्परविरुद्ध असूनही, एकाच निषेधाच्या पाठीशी उभे राहिले.

हा निषेध नाशिकात उघड झाला. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि मंदिराची दारे बंद करण्यात आली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा लढा पुढे चालविला. मंदिरप्रवेशास होणाऱ्या विरोधाची भाषा पूर्वापार रूढीची होती. पण विद्यमान मंदिर सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविले. त्याचा कर्ता ज्ञात आहे, काळही ज्ञात आहे. क्षेत्र त्याहून प्राचीन आहे, हा प्रतिवाद खरा असला तरी क्षेत्राचे प्राचीनत्व निषेधाला आपोआप लाभत नाही. शिवाय नाशिक हे विसराळू नगर नव्हे. येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत यात्रेकरूंच्या घराण्यांच्या पिढ्या नोंदल्या जातात. ज्या नगरात कोणाचे आजोबा कधी आले हे वहीत सापडते, तेथे दार कोणी व केव्हा बंद केले हा प्रश्नच ‘स्मरणापलीकडचा’ ठरविला जातो, ही विसंगती केवळ भाषिक नाही.

न्यायालयात या वाक्प्रचाराची परीक्षा झाली ती महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात. १९२७च्या सत्याग्रहानंतर सवर्ण वादींनी अनादि रूढीच्या आधारे अस्पृश्यांना मनाई मागितली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी अशी रूढी सिद्ध होत नाही असा निर्णय दिला. वापर न होणे आणि वापरास मनाई असणे यांतील भेद येथे निर्णायक आहे. पहिल्यावरून दुसरे गृहीत धरणे हेच तर त्या वाक्प्रचाराचे कार्य होते. नाशिकात मात्र असा निवाडा हाती आला नाही. मार्च १९३४मध्ये आंबेडकरांनी सत्याग्रह थांबविण्याचा सल्ला दिला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे धर्मांतराची घोषणा केली. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७मध्ये झाला.

मराठीत विस्मरणाच्या दोन रचना आहेत. ‘विसर पडला’ या रचनेत माणूस केवळ सोसणारा असतो. ‘मी विसरलो’ या रचनेत तो कर्ता असतो. ‘स्मरणापलीकडचा काळ’ ही पहिल्या रचनेची परमावधी होय, कारण तीत विसरणाराही उरत नाही. नाशिकच्या सत्याग्रहाने दाराबरोबर ही रचनाही नाकारली आणि क्रियापदाला कर्ता मागितला. इतिहासलेखनात आणि समीक्षेत ‘पूर्वापार’ हा शब्द आजही सहज येऊन जातो. तो येतो तेथे कोणाचे स्मरण संपले आणि कोणाचे संपविले गेले, हे विचारणे हा अर्थनिर्णयनाचाच भाग ठरतो.