लेखनसीमा : मोर्तब, शून्य आणि यंत्रातील मजकूर

कोणताही मजकूर एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा दोन प्रश्न उपस्थित होतात. तो कोणत्या संकेताने लिहिला आहे, हा पहिला. आणि तो कोठे संपतो, हा दुसरा. वाचणारा मनुष्य असला तर तो संदर्भावरून लिपी ओळखतो आणि अर्थावरून शेवट जाणतो. वाचणारे यंत्र असले तर त्याला ना संदर्भ, ना अर्थ. जे आगाऊ ठरले नसेल ते त्याला कधीच कळत नाही. संगणकाच्या आज्ञावलीतून मूळ यंत्रप्रणालीच्या हाती मजकूर सोपविताना जे घोटाळे होतात त्यांचे मूळ बहुतेक या दोन प्रश्नांतच असते. हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असे मानण्याची रूढी पडली आहे. आमच्या मते तो लेखनाच्या इतिहासाचाच एक भाग आहे, आणि मराठी दप्तराशी परिचय असलेल्यास तो परका वाटू नये.

प्रथम दप्तराकडे वळू. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जाई. शब्दाशब्दांत अंतर सोडण्याची चाल नव्हती, विरामचिन्हे नव्हती, इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नसे. शिंद्यांच्या दरबाराचा पत्रव्यवहार अशाच लेखनातून चाले. अशा सलग ओळीत मजकुराचा शेवट कोणता हे सांगणार कोण? शेवटच्या शब्दापुढे कोरा कागद राहिला तर तेथे दुसऱ्या कोणी चार शब्द घुसडण्याचे भय होतेच. म्हणून पत्राच्या आरंभी मुख्य मुद्रा आणि अखेरीस मोर्तब, असा प्रघात पडला. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा आढळते. पेशवेकालीन कागदांवर ‘लेखनसीमा’ असा शिक्का आढळतो. लिहिणे येथे संपले, यापुढे जे असेल ते आमचे नव्हे, एवढेच तो शिक्का सांगतो. आजही आपण धनादेशावर अक्षरी रक्कम लिहून पुढे ‘मात्र’ लिहितो, ते याच परंपरेतील आहे.

मजकुराचा शेवट कळविण्याचा दुसराही एक मार्ग आहे. शेवटी खूण करण्याऐवजी आरंभीच मोजणी सांगावयाची; जसे नारळांच्या पोत्यावर नारळांची संख्या लिहून ठेवावी. यंत्रभाषांच्या इतिहासात हे दोन्ही मार्ग एकामागून एक आले. १९६७ साली मार्टिन रिचर्ड्स यांनी रचलेल्या ‘बीसीपीएल’ या भाषेत अक्षरमालेच्या आरंभी तिची लांबी लिहिलेली असे. लांबीसाठी एकच बाइट राखला तर २५५ च्या पुढे मोजता येत नाही, ही त्या पद्धतीची मर्यादा. पुढे केन टॉम्प्सन यांच्या ‘बी’ भाषेत आणि १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या ‘सी’ भाषेत मोजणी सोडून अंतचिन्ह स्वीकारले गेले. लांबीवरील बंधन टळावे आणि प्रत्येक वेळी मोजणी सांभाळीत बसण्याची यातायात वाचावी, अशी दोन कारणे रिची यांनी नंतर नमूद केली आहेत. ‘सी’ भाषेतील ते अंतचिन्ह म्हणजे ज्याचे मूल्य शून्य आहे असा एक बाइट. अक्षरे वाचीत जावे आणि शून्य भेटताच थांबावे, हा तिचा नियम होय.

शून्याचा उल्लेख आला की ग्वाल्हेरच्या वाचकाचे मन साहजिकच किल्ल्याकडे जाते. किल्ल्याच्या चढणीवर खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. प्रतिहार सम्राट मिहिर भोजाच्या काळी कोटपाल असलेल्या अल्लाने ते कोरविले. तेथील विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६ चा, शिलालेख युजेन हुल्ट्श यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात प्रसिद्ध केला. फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन, आणि देवाला रोज ५० माळा, अशी त्यातील दानाची तपशीलवार नोंद आहे. २७० व ५० या अंकांत शून्य लहान वर्तुळाच्या रूपात आजही स्पष्ट दिसते. शून्याची ही सर्वांत जुनी नोंद होय असे पुष्कळदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. कंबोडियातील शके ६०५, म्हणजे इ.स. ६८३, च्या लेखात बिंदुरूप शून्य आहे. ग्वाल्हेरचा मान वेगळा आहे. दशमान पद्धतीने लिहिलेल्या रोजच्या व्यवहाराच्या आकड्यात, निश्चित वर्षासह, शून्य येथे सहजपणे वावरते. लेख कोरणाऱ्यास त्याचे काही नवल वाटलेले दिसत नाही.

या शून्याची आणि ‘सी’ भाषेतील शून्याची वंशावळ जोडण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. २७० मधील शून्य रिकाम्या स्थानाची खूण आहे. ते काढले तर संख्या २७ होईल. अक्षरमालेतील शून्य ‘अक्षरे संपली’ एवढेच सांगते. त्याची गणना मजकुरात होत नाही, परंतु जागा त्यालाही लागते. कार्याच्या दृष्टीने ते किल्ल्यावरील शून्यापेक्षा दप्तरातील मोर्तबाला अधिक जवळचे आहे.

आता मुख्य विषयाकडे येऊ. आज्ञावली स्वतः पडद्यावर अक्षर उमटवीत नाही की फाइल उघडीत नाही; ती यंत्रप्रणालीला तशी विनंती करते. यंत्रप्रणालीच्या सेवा बहुधा ‘सी’ भाषेच्या रिवाजाने चालतात. उलट जावा, सी-शार्प, पायथॉन या पुढील काळातील भाषा मजकुराबरोबर त्याची लांबी बाळगतात. म्हणून या सीमेवर दुभाषी लागतो, आणि त्या दुभाष्याला चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : संकेत कोणता, शेवट कसा कळवावयाचा, उत्तर लिहून घेण्यास जागा किती, आणि तो कागद अखेर कोणी नष्ट करावयाचा. चौथी बाब क्षुल्लक नव्हे. दोघांनीही कागद फाडला तर गोंधळ होतो आणि कोणीच फाडला नाही तर दप्तर तुंबते.

आमच्या गावाचेच नाव घेऊन हिशेब करून पाहू. ‘ग्वाल्हेर’ या शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो. युनिकोड संकेतात ग, हलन्त, व, काना, ल, हलन्त, ह, मात्रा, र अशी नऊ चिन्हे होतात. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे २७, आणि अंतीचे शून्य धरून २८. यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येक चिन्हास २ बाइट, म्हणजे १८, आणि तेथे शून्यही दोन बाइटांचे असल्याने एकूण २०. तेच नाव मोडीत लिहिले तर यूटीएफ-१६ मध्येही प्रत्येक चिन्हास ४ बाइट लागतात. एकच नाव, परंतु ‘लांबी किती?’ या प्रश्नाला तीन, नऊ, अठरा, सत्तावीस, छत्तीस अशी पाच खरी उत्तरे आहेत. विचारणाऱ्याने एकक सांगितले नाही आणि उत्तर देणाऱ्याने विचारले नाही, की घोटाळा झालाच.

संकेत चुकला तर काय होते याचे उदाहरण विंडोजमध्ये सापडते. १९९३ च्या विंडोज एनटीपासून त्या प्रणालीत मजकूर घेणाऱ्या बहुतेक सेवांची दोन रूपे आहेत. एकाच्या नावाअखेर ‘ए’ हे अक्षर असते. ते जुन्या स्थानिक संकेतसूचीप्रमाणे वाचते. दुसऱ्याच्या अखेर ‘डब्ल्यू’ असते. ते युनिकोड वाचते. त्या जुन्या संकेतसूच्यांत देवनागरीला स्थानच मिळाले नव्हते. त्यामुळे ‘ग्वाल्हेर’ हे नाव पहिल्या वाटेने पाठविले तर पलीकडे नऊ प्रश्नचिन्हे पोहोचतात, आणि मूळ नाव त्यांतून परत मिळविता येत नाही. २०१९ पासून आज्ञावलीला पहिल्या वाटेसाठीही यूटीएफ-८ निवडण्याची सोय झाली आहे. पण ती निवडावी लागते, आपोआप होत नाही. सोपी आणि जुनी वाट मराठीला वाटेत टाकून जाते, एवढा धडा यातून घ्यावयाचा.

शेवट चुकला तर परिणाम याहून गंभीर होतात. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या आज्ञावलीने अमेरिकेतील हजारो संगणक ठप्प केले. तिच्या अनेक मार्गांपैकी एक असा : एका सेवेने येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ बाइटांची जागा राखली होती, आणि किती आले हे ती पाहत नव्हती. तिला ५३६ बाइट पाठविण्यात आले. कागदाबाहेर गेलेली अक्षरे शेजारच्या हुकूमनाम्यावर उमटली आणि यंत्राने तोच हुकूम मानला. न मोजता वाचणारी ती ‘गेट्स’ नावाची क्रिया ‘सी’ भाषेच्या २०११ च्या मानकातून काढून टाकण्यात आली.

दुसरा प्रसंग २००९ चा. संकेतस्थळाची ओळख पटविणारी प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था नाव मोजणीच्या पद्धतीने वाचीत, तर पुष्कळ वाचक-आज्ञावल्या शून्यापाशी थांबत. नावाच्या मध्येच शून्य घातले की संस्थेला एक नाव दिसे आणि वाचकाला दुसरेच, प्रतिष्ठित पेढीचे, नाव दिसे. मॉक्सी मार्लिनस्पाइक व डॅन कॅमिन्स्की यांनी त्या वर्षी हा दोष उघड केला. पत्राच्या मध्यावर मोर्तब उठवून पुढील मजकूर झाकून ठेवावा, तसाच हा प्रकार होता.

येथे मोर्तब आणि शून्य यांतील भेदही सांगितला पाहिजे. मोर्तब विश्वासू अधिकाऱ्याच्या हाती असे. ते कोणासही उठविता येत नसे. शून्य कोणीही लिहू शकतो. यास्तव शहाणी आज्ञावली दोन्ही मार्ग एकत्र वापरते : शेवटची खूण पाहते आणि जागेची मोजणीही सांभाळते. अक्षरी रक्कम आणि अंकी रक्कम दोन्ही लिहिण्यात आपल्या पूर्वजांचे धोरण याहून निराळे नव्हते.

मराठीचा या व्यवस्थेत प्रवेश कसा झाला हेही थोडक्यात सांगू. आय.आय.टी. कानपूर येथे मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिपींसाठी जिस्ट तंत्र विकसित केले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते काम वाढले. भारतीय लिपींचे ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच; तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर तिच्यात २००८ मध्ये आले, आणि मोडी लिपीला स्थान मिळण्यास २०१४ साल उजाडले. १९९२ मध्ये केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी योजलेल्या यूटीएफ-८ पद्धतीचा एक गुण मराठीला फार उपकारक ठरला. तिच्यात कोणत्याही देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी एकही शून्य नसतो; म्हणून शून्यापाशी थांबणाऱ्या जुन्या क्रियांतूनही मराठी मजकूर अभंग पार जातो.

शिक्षकांचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. पटावरील नावे आता यंत्रातून जातात. ‘ज्ञानेश्वर’ हे चार अक्षरांचे नाव यूटीएफ-८ मध्ये ३० बाइटांचे होते. कोणी नावासाठी २० बाइटांची जागा ठेवली आणि ती अक्षरांची समजली, तर ‘ज्ञाने’ एवढेच उरते आणि पुढे एक फुटके चिन्ह येते. ‘नाव लहान करा’ असे मग पालकास सांगितले जाते. दोष नावाचा नसतो, तो मापाचा असतो. मुलाचे नाव गुणपत्रिकेत जसे छापले जाते तसे ते आयुष्यभर त्याच्यामागे येते. म्हणून यंत्राच्या सोयीसाठी नावात काटछाट करण्यास शाळांनी संमती देऊ नये. यादी स्वीकारताना प्रत्येक नावाचे शेवटचे अक्षर आणि प्रत्येक जोडाक्षर डोळ्यांनी तपासावे. नवी व्यवस्था येईल तेव्हा ऱ्या, ळ, ॲ आणि लांब जोडाक्षरांची नावे घालून तिची परीक्षा घ्यावी.

परिभाषेपुरती एक सूचना विद्वानांपुढे ठेवतो. यंत्रातील मजकुराला ‘अक्षरमाला’ आणि तिच्या अंतचिन्हाला ‘लेखनसीमा’ म्हणावे. शब्द जुना आहे, सुबोध आहे, आणि याच कामासाठी आपल्या दप्तरात झिजलेला आहे. वर सांगितलेला मोर्तबाचा भेद शिकविताना स्पष्ट केला म्हणजे त्यात बाधा येणार नाही. नव्या विद्येला घरचे शब्द मिळाले की विद्यार्थी तिच्याकडे पाहुणा म्हणून पाहत नाही. ती आपल्याच कारखान्यातील आहे असे समजून तिची चूकही काढू लागतो.