'डायमंड ज्युबिली' : दोन शब्दांची कुळकथा

संस्थेला साठ वर्षे पूर्ण झाली की निमंत्रणपत्रिकेवर 'हीरक महोत्सव' छापले जाते आणि बोलण्यात मात्र 'डायमंड ज्युबिली' येते. हे दोन्ही शब्द इंग्रजीतून आले असले, तरी एकाचेही मूळ इंग्लंडात नाही.

'ज्युबिली'चे मूळ हिब्रू भाषेतील 'योबेल' या शब्दात आहे. योबेल म्हणजे मेंढा आणि त्यावरून मेंढ्याचे शिंग. प्राचीन यहुदी धर्मशास्त्रात दर पन्नासावे वर्ष पवित्र मानलेले आहे. त्या वर्षी शिंग फुंकावे, विकली गेलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबाला परत मिळावी आणि दारिद्र्यापायी दास्यात गेलेल्यांनी मुक्त होऊन घरी परतावे, अशी आज्ञा होती. ग्रीकमार्गे हा शब्द लॅटिनमध्ये शिरला, तेव्हा 'आनंदाने जयघोष करणे' या अर्थाच्या 'युबिलारे' या क्रियापदाची छाया त्यावर पडली. मुक्तीचे वर्ष हळूहळू आनंदोत्सव झाले.

'डायमंड' हा ग्रीक 'अडामास'चा वंशज. अडामास म्हणजे ज्याला नमवता येत नाही असा. हट्टी माणसाला लावले जाणारे 'ॲडमंट' हे इंग्रजी विशेषण त्याचेच भावंड. शब्द ग्रीसचा, रत्न मात्र भारताचे. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला ते मुख्यतः भारतातूनच मिळत.

साठाव्या वर्षाशी हिऱ्याची सांगड रूढ झाली ती १८९७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली तेव्हा. त्यापूर्वी हिऱ्याचा मान पंचाहत्तराव्या वर्षाचा होता. त्याच वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि प्लेग अधिकारी रँडच्या जुलमी उपायांनी नागरिक संतापले होते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीतील सरकारी निवासस्थानी झालेल्या ज्युबिली समारंभाहून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. दास्यमुक्तीची ग्वाही देणारा शब्द परकीय सत्तेच्या मेजवानीचे नाव झाला होता. त्या मेजवानीच्या वाटेवरच दास्याविरुद्धचा संताप उफाळला.

शाळेच्या हीरक महोत्सवात सिंहासन नसते. महाराष्ट्राबाहेर मराठीचे घर राखणाऱ्या शाळेच्या अंगणात या निमित्ताने दूरदूर पांगलेले विद्यार्थी परत येतात. 'आपल्या घरी परतावे' ही त्या जुन्या शिंगाची हाक तेथे पुन्हा ऐकू येते.