गिरण्यांचीं धुराडीं : एक उपेक्षित साधन

इतिहासाचें साधन म्हटलें कीं ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि रुमालांत बांधलेलीं दप्तरें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. विटांच्या धुराड्यास त्यांच्या पंक्तीस बसविण्याची कल्पना पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. तथापि गेल्या दीडशें वर्षांचा महाराष्ट्र ज्यास समजून घ्यावयाचा आहे, त्यास हें साधन टाळतां येणार नाहीं, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. हीं धुराडीं राखावीं कीं पाडावीं, हा वाद अनेक ठिकाणीं चालू असल्यामुळें त्याचा विचार येथें करितों.

न्यायशास्त्रांत धूमावरून अग्नीचें अनुमान करितात. बंद गिरणींत धूमही नाहीं व अग्नीही नाहीं. उरला आहे तो केवळ धूमाचा मार्ग. परंतु तेवढ्यावरूनही अनुमान चालतें. धुराड्यांतील तप्त वायु बाहेरील हवेहून हलका असल्यामुळें वर चढतो आणि त्याच्या ओढीनें भट्टींत ताजी हवा शिरते. उंची जितकी अधिक, तितकी ही ओढ अधिक. म्हणून धुराड्याची उंची व आंतील व्यास मोजला असतां त्यास जोडलेल्या बॉयलरांच्या शक्तीचा अजमास बांधतां येतो. विटांवरील ठसे, चुन्याचा दर्जा, बुंध्याचा आकार, शेंड्याची कंगणी, हीं सर्व त्या शिल्पाचीं अक्षरें होत.

मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं पहिली कापडगिरणी काढण्याचा उपक्रम केला. पुढें १९१५ पासून खोपोली येथील जलविद्युत् मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली आणि एंजिनांच्या वाफेची गरज हळूहळू ओसरली. म्हणजे धुराडें हें एका निश्चित कालखंडाचें चिन्ह आहे. नाण्यावरून राजाचा काळ ठरवितात, तसा यावरून उद्योगाचा काळ ठरवितां येतो.

आमच्या विश्रामबागेहून मिरजमार्गें कोल्हापूर फार दूर नाहीं. तेथील शाहू मिलची पायाभरणी राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९०६ सालीं केली. संस्थानांतील लोकांस रोजगार मिळावा व उद्योग वाढावा, हा त्यांतील हेतु. ही गिरणी २००३ सालीं बंद पडली. महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षीं, १९२२ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, त्या आवारांत लोक पुन्हां जमले. तेथें महाराजांचें स्मारक व्हावें, ही मागणी योग्यच आहे. माझें म्हणणें एवढेंच कीं, गिरणी हेंच तेथील पहिलें स्मारक होय. नवा पुतळा केव्हांही घडवितां येईल. जुनें धुराडें पुन्हां घडवितां येणार नाहीं.

आतां विरुद्ध पक्ष पाहूं. धुराडें जीर्ण झालें, सांध्यांत पिंपळ रुजला, तर तें जीवितास धोका होय. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांनीं जो संप केला, त्यानंतर ज्यांच्या चुली विझल्या, त्यांनीं त्या धुराड्याकडे कौतुकानें कां पाहावें? हा प्रश्न खोडून काढण्याजोगा नाहीं. देणीं व घरें यांचा प्रश्न आधीं सुटला पाहिजे. परंतु धुराडें पाडल्यानें कोणाचें देणें फिटत नाहीं. उलट देणें होतें याची एक साक्ष मात्र नाहींशी होते.

पाडण्यास वेळ लागत नाहीं, हें सोलापूरकरांनीं १५ जून २०२३ रोजीं पाहिलें. विमानवाहतुकीस अडथळा म्हणून तेथील सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी त्या दिवशीं क्षणांत खालीं आली. ती चिमणी अलीकडची होती, म्हणून प्राचीनत्वाचा प्रश्न तेथें नव्हता. परंतु जें क्षणांत जातें, त्याची मापें आधींच घेतलेलीं बरीं, हा धडा सर्वत्र लागू आहे.

केवळ राखणें हेंही पुरेसें नव्हे. मुंबईंत फिनिक्स गिरणीचें धुराडें राहिलें, पण त्याच्या भोंवतीं बाजार उभा राहिला. बॉयलरघर, खातें व चाळ यांपासून तुटलेलें धुराडें म्हणजे नांव पुसलेला वीरगळ. त्यास अर्थ देणारी वस्तु दुसरीच आहे, ती म्हणजे गिरणीचें दप्तर.

येथें एक अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका बंद गिरणीचीं हजेरीबुकें रद्दीवाल्याच्या तराजूंत पाहिलीं. गिरणीचें नांव मुद्दाम देत नाहीं. त्यांतील एक बुक मीं वजनाच्या भावानें घेतलें. नांवें, खातीं, भरलेले दिवस आणि पगारासमोर आंगठ्यांचे ठसे. आयुष्यभर मीं ज्यांचीं मुलें शिकविलीं, त्यांच्या वाडवडिलांचा दुसरा लेख कोठें असेल असें मला वाटत नाहीं. बाकीचीं बुकें लगद्यास गेलीं.

१९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यांत वास्तूस शंभर वर्षांची अट आहे. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यांत हस्तलिखितांस व ऐतिहासिक महत्त्वाच्या कागदांस पंच्याहत्तर वर्षांची. म्हणजे जुन्या गिरण्यांचे कागद आपल्या पोथ्यांच्याच वर्गांत येऊं लागले आहेत.

म्हणून सुचवितों तें असें. जेथें धुराडें भक्कम आहे तेथें तें बॉयलरघरासह राखावें. जेथें पाडणें अटळ आहे तेथें आधीं मापें, छायाचित्रें व विटांचे ठसे घ्यावे. आणि दोन्ही ठिकाणीं दप्तर प्रथम हलवावें. पहिलीं दोन कामें स्थापत्यज्ञांचीं आहेत, तिसरें आपलें. पोथ्यांच्या शोधार्थ आपण जुने वाडे धुंडाळतों. वाटेंत बंद गिरणी लागली तर तेथेंही क्षणभर थांबावें, आणि रद्दीवाल्याच्या आधीं पोंचावें.