पौंडाला बारा

रहस्यकथांत, शिकारकथांत आणि पोलिसांच्या बातम्यांत ‘बारा बोअरची बंदूक’ आपल्याला इतक्यांदा भेटलेली असते, की हे बारा म्हणजे बारा काय, असा प्रश्न सहसा पडत नाही. इंच नव्हेत, मिलिमीटर नव्हेत, सुताराचे सूतही नव्हे. त्यातून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते हे कळले, की गोंधळ वाढतोच.

गिरणगावातल्या जुन्या माणसाला मात्र हे समजायला वेळ लागू नये. ऐंशी नंबरचे सूत चाळीसपेक्षा तलम असते, कारण तो नंबर जाडीचा नाहीच. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी भरतात, याची ती मोजणी. बंदुकीचा आकडाही अशाच पौंडातून निघाला. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोल गोळी घ्यावी. तशा बारा गोळ्या एक पौंड भरल्या, की नळी बारा बोअरची. ठासणीच्या बंदुकीचा मालक शिसे तोलून विकत घेई आणि गोळ्या साच्यात ओतून घेई. नळीचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचे साधन त्याच्याजवळ कुठले असणार? तराजू मात्र गावोगाव होता. वजनावरून रुंदी ओळखण्याची ही रीत मला अडाणी वाटत नाही, उलट फार हुशारीची वाटते.

हिशेब करून पाहू. पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. त्याला बाराने भागले की ३७.८ ग्रॅम येतात आणि एवढ्या शुद्ध शिशाच्या गोळीचा व्यास १८.५ मिलिमीटर, म्हणजे ०.७२९ इंच भरतो. वीस बोअरची गोळी २२.७ ग्रॅमची, व्यास १५.६ मिलिमीटर. वजन चाळीस टक्क्यांनी उतरले, पण व्यास जेमतेम सोळा टक्क्यांनी. हा सगळा घनमुळाचा खेळ. एकोणिसाव्या शतकात हत्तीच्या शिकारीला चार बोअरच्या बंदुका नेत. त्या नळीचा व्यास बाराच्या दीडपटही नाही, पण गोळी थेट तिप्पट, पाव पौंडाची. ती उडवणाऱ्याच्या खांद्याचे काय होत असेल, ते आकड्यांत सांगायची गरज नाही.

जुन्या कागदांत हे आकडे वाचताना म्हणूनच जपावे लागते. मराठ्यांविरुद्धच्या लढायांत कंपनीच्या पलटणींच्या हाती असलेली ‘ब्राउन बेस’ घ्या. तिची नळी पाऊण इंचाची, म्हणजे अकरा बोअरची. पण तिच्यात घालायची गोळी पौंडाला चौदा या मापाची. काळ्या दारूची काजळी नळीत साचली तरी गोळी झटपट खाली जावी, म्हणून ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली असे. एकाने अकरा लिहिले आणि दुसऱ्याने चौदा, तरी दोघे एकाच बंदुकीबद्दल बोलत असू शकतात. शिवाय पौंड कोणता, हेही पाहावे लागते. दशमान पद्धतीपूर्वीचा फ्रेंच पौंड ४८९.५ ग्रॅमांचा होता. पॅरिसच्या पौंडाला बारा बसणारी गोळी लंडनच्या हिशेबात जवळपास अकराची ठरते.

काडतुसे आली आणि घरचा साचा सुटला. छऱ्यांच्या बंदुकीतून एकसंध गोळी उडवणेही विरळ होत गेले. आता कारखान्याला ठरलेली लांबीच हवी होती. ब्रिटनच्या १८६८ च्या नळी-चाचणी कायद्याने प्रत्येक बोअरसमोर इंचातला व्यास छापला. मोजणीचा आकडा तिथे नुसते नाव होऊन बसला, असे माझे मत आहे.

भार तर आकड्यापासून केव्हाच सुटला. इंग्रजी शिकाऱ्यांचे बारा बोअरचे नेहमीचे काडतूस सुमारे ३२ ग्रॅम छऱ्यांचे. जुन्या हिशेबाने तो चौदा बोअरचा ऐवज. ऑलिंपिकमध्ये आज त्याच बोअरमधून २४ ग्रॅम उडतात, म्हणजे एकोणीस बोअरच्या गोळीइतके. उलट तीन इंची काडतुसात ५३ ग्रॅमही भरतात. नळीचेही तेच. एका जुन्या इंग्रजी दुनळीच्या नळीखाली मी ‘१३/१’ असा ठसा पाहिला. काडतूस बाराचे, पण आतला व्यास ०.७१९ इंच, म्हणजे बारा आणि तेरा यांच्या मधला. १८८७ नंतरच्या चाचणीघरांना असे अधले-मधले ठसे मारावे लागले, कारण कारागीर नळ्या कायद्यातल्या कोष्टकाबरहुकूम घडवत नव्हते.

‘चारशेदहा’ने तर ही पद्धतच सोडली. तो आकडा सरळ इंचाचा, ०.४१०. गोळ्यांच्या मोजणीत त्याला सदुसष्टच्या आसपास म्हणावे लागेल, पण तसे कोणी म्हणत नाही.

या नावांमागचे तीन मिलिमीटर जिवावरही बेततात. वीसचे काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत गेले, तर ते घरंगळत पुढे जाते आणि नळी निमुळती होते तिथे अडकते. मागून पाहणाऱ्याला बंदूक रिकामीच वाटते. मग तो बाराचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी डाव्या हाताशीच फुटते. म्हणून वीस बोअरचे काडतूस आता पिवळ्या रंगाचे करतात.