बुधाच्या ४३ विकला

बुध हा ग्रह पंचांगात आपल्याला रोज भेटतो. आकाशात मात्र तो ओळखून पाहिलेली माणसे थोडी. कधी संध्याकाळी पश्चिमेस, कधी पहाटे पूर्वेस, क्षितिजालगत घटकाभर दिसावे आणि नाहीसे व्हावे, अशी त्याची रीत. गुरुत्वाकर्षणाच्या इतिहासात ह्याच बुजऱ्या ग्रहाने असे एक कोडे घातले की, ते सुटायला ५६ वर्षे लागली.

न्यूटनचा 'प्रिन्सिपिआ' हा ग्रंथ १६८७ साली निघाला. झाडावरून पडणारे फळ आणि पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र हे एकाच नियमाचे ताबेदार आहेत, हे त्याने गणिताने दाखविले. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई होते, असा तो नियम. ही ओढ मधल्या पोकळीतून पोचते कशी, हे मात्र त्याने सांगितले नाही. मध्ये काहीही नसताना एका वस्तूने दुसरीला ओढावे, ही कल्पना त्याला स्वतःलाच विपरीत वाटे. पण नियम इतका चोख लागू पडे की, त्या शंकेची पुढे फारशी कोणी विचारपूस केली नाही.

१७८१ साली सापडलेला युरेनस गणिताच्या वाटेवरून थोडा ढळू लागला, तेव्हाही पॅरिसच्या लव्हेरिएने नियमाला बोल लावला नाही. पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह ह्याला ओढत असला पाहिजे, असे धरून त्याने त्याची जागा कागदावर काढली आणि बर्लिनच्या गालला कळविली. २३ सप्टेंबर १८४६ रोजी पत्र पोचले. त्याच रात्री, सांगितल्या जागेपासून जेमतेम एका अंशावर, नेपच्यून सापडला! (इंग्लंडात ॲडम्सनेही हेच गणित स्वतंत्रपणे मांडले होते. मान कोणाचा, ह्यावर दोन्ही देशांत पुष्कळ भांडण झाले. ते येथे नको.)

एका विहिरीला असे पाणी लागल्यावर माणूस दुसरीही त्याच अंदाजाने खणणार. लव्हेरिए बुधाकडे वळला. बुधाची कक्षा लंबवर्तुळाची आहे आणि ते लंबवर्तुळ स्वतःही हळूहळू वळते. इतर ग्रहांच्या ओढीने ते शतकात सुमारे ५३० विकला वळावे, असा हिशेब येतो. प्रत्यक्षात ते त्याहून जास्त वळत होते. १८५९ साली लव्हेरिएने ही जादा चाल ३८ विकला धरली. पुढे १८८२ साली न्यूकोमने ती ४३ ठरविली. एका अंशाच्या ३६०० विकला होतात. म्हणजे एवढ्या चालीने एक फेरा पुरा व्हायला ३० लाख वर्षे लागतील! पण हिशेबात तूट ती तूट. सूर्य आणि बुध ह्यांच्यामध्ये आणखी एखादा ग्रह असावा, असे लव्हेरिएने जाहीर केले.

आणि ग्रह पाहणारा भेटलाही! लेस्कार्बो नावाच्या खेड्यातल्या एका डॉक्टराने सूर्यबिंबावरून सरकणारा काळा ठिपका पाहिल्याचे कळविले. लव्हेरिए वर्दी न देता त्याच्या दारात उभा राहिला आणि त्याने त्याची चांगलीच उलटतपासणी घेतली. कागदाच्या टंचाईमुळे डॉक्टर लाकडी फळ्यांवर गणिते करी आणि जागा हवी झाली की फळी रंध्याने तासून घेई, असे सांगतात. लव्हेरिएची खात्री पटली. डॉक्टराला सरकारी सन्मान मिळाला. ग्रहाला रोमन अग्निदेवाचे 'व्हल्कन' हे नाव मिळाले. अडचण एवढीच की, तो पुन्हा नीट कोणालाच दिसेना. लव्हेरिए वारला तो १८७७ साली, नेमका २३ सप्टेंबरलाच. व्हल्कनवरचा त्याचा विश्वास शेवटपर्यंत ढळला नाही. पुढच्याच वर्षीच्या खग्रास ग्रहणात अमेरिकेतल्या वॉटसनला तो दिसल्यासारखा वाटला. त्यासाठी वॉटसनने जमिनीखाली एक वेधशाळाच खणायला घेतली. ती पुरी होण्याआधी, १८८० साली, तोही गेला.

चूक बुधाची नव्हती, आणि वेध घेणाऱ्यांचीही नव्हती. नियमच थोडा अपुरा होता. वस्तुमानाने अवकाश आणि काळ ह्यांची घडणच वाकते आणि ग्रह त्या वाकलेल्या घडणीतली सर्वांत सरळ वाट धरतो, असे आइन्स्टाइनचे म्हणणे. ही वाक सूर्याजवळ अधिक. म्हणून तिचा उपद्रव बुधालाच अधिक. नोव्हेंबर १९१५ मध्ये त्याने नव्या समीकरणांनी बुधाचा हिशेब केला आणि उत्तर आले ४३! कोठेही ठिगळ लावावे लागले नाही. त्या आनंदात त्याला कित्येक दिवस दुसरे काही सुचेना. न्यूटनने अनुत्तरित ठेवलेल्या त्या जुन्या प्रश्नालाही येथे प्रथमच उत्तर मिळाले. १९१९ च्या ग्रहणात ताऱ्यांचे किरण सूर्याजवळ वाकताना आढळले आणि आइन्स्टाइन घरोघर ठाऊक झाला. पण मला विचाराल तर खरी परीक्षा आधीच झाली होती.

आज तसाच पेच पुन्हा पडला आहे. दीर्घिकांच्या कडेचे तारे इतक्या वेगाने फिरतात की, दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीने ते धरून राहू नयेत; व्हेरा रुबिनबाईंनी १९७० नंतर घेतलेल्या वेधांनी हे ठसठशीतपणे पुढे आणले. बहुतेक ज्योतिर्विद म्हणतात, न दिसणारे कृष्णद्रव्य तेथे असले पाहिजे. १९८३ साली मिलग्रोम ह्या इस्राएली शास्त्रज्ञाने मात्र नियमच बदलून पाहिला. नेपच्यून म्हणावे की व्हल्कन? कृष्णद्रव्याचा एखादा कण हाती लागावा म्हणून सोन्याच्या जुन्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, उपकरण मांडून माणसे वाट पाहत बसली आहेत.