गणेशखिंडीतले विद्यापीठ
पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली. त्याची मुख्य इमारत मात्र त्याहून बरीच जुनी आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात, १८६०च्या दशकात, गणेशखिंडीत गव्हर्नरांच्या निवासासाठी हा उंच मनोऱ्याचा वाडा बांधायला घेतला गेला. २२ जून १८९७ रोजी येथे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा झाला. त्या रात्री परतीच्या वाटेवर, गणेशखिंड रस्त्यावर, चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. परकीय सत्तेच्या अशा वास्तूत विद्येचे घर उभे राहिले, ही स्वातंत्र्याची फार मोलाची कमाई होय.

पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. विद्यापीठाचे ग्रंथालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले आणि दक्षिण महाराष्ट्रातील महाविद्यालये तिकडे गेली.

संशोधनात या आवाराला सर्वांत मोठे बळ मिळाले ते १९८८ साली. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ ही खगोलभौतिकीची संस्था येथे स्थापन झाली. देशभरच्या विद्यापीठांतील अध्यापक व विद्यार्थ्यांना प्रगत संशोधनाची सोय मिळावी, हा तिचा हेतू. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या तिच्या वास्तूत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. कलेची बाजू ललित कला केंद्राने सांभाळली. संगीत, नृत्य व नाट्य तेथे पदवीचे विषय आहेत. नाटककार सतीश आळेकर अनेक वर्षे त्याचे प्रमुख होते.

२०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले.